वर शॉट, खाली पणत्या : पंचगंगा घाटावरच्या एका फोटोचं प्रकरण

पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापूरचा पंचगंगा घाट पुराच्या पाण्याखाली असतो. पाणी ओसरलं की पायऱ्यांवरचा गाळ काढून दगड धुतले जातात, आणि कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे त्याच पायऱ्यांवर हजारो पणत्या लागतात. रांगोळ्या, गाणी, पात्रालगतच्या देवळांवर दिवे आणि मधेच शोभेचं दारूकाम असा सगळा थाट असतो. फोटो काढणाऱ्याला एकाच ठिकाणी एवढ्या तऱ्हेचा उजेड क्वचित मिळतो, आणि एवढा अवघड उजेडही क्वचितच मिळतो.

शहराच्या जुन्या भागातल्या एका तरुण मंडळाला या पहाटेचा एक आडवा, मोठा फोटो हवा होता. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आणि फ्लेक्सवर तो जाणार होता आणि जमलं तर वर्तमानपत्राकडेही पाठवायचा होता. अट एकच होती : खाली पणत्यांनी उजळलेला पूर्ण घाट, वर फुटलेले शॉट, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारे फटाके, आणि पाण्यात दोन्हींचं प्रतिबिंब.

काम आलं ते पेठेतल्या एका स्टुडिओमालकांकडे. माणूस रोलच्या जमान्यापासूनचा, लग्नकार्यांत मुरलेला. सोबतीला त्यांचा भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे आणि स्वतःचा डिजिटल एसएलआर बाळगून आहे. या दोघांच्या परवानगीनं, नावं वगळून, हे लिहितो आहे. त्या पहाटेच्या मूळ फायली मी पाहिल्या आहेत, त्यामुळे इथले आकडे फायलींतलेच आहेत.

अडचण नेमकी काय होती

मंडळाकडे आदल्या वर्षीचे फोटो होते. शॉटच्या जागी पांढरे गोळे, पणत्यांच्या जागी नारिंगी पट्टा आणि आकाश राखाडी, खरखरीत. मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं, ‘‘कॅमेरा हलका होता, यंदा भारीतला आणा.’’ स्टुडिओमालकांनी कॅमेऱ्याचा विषय बाजूला ठेवला आणि त्या फायलींची माहिती उघडली. सगळं ऑटोवर : आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील तो आकडा) ६४००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) एफ ३.५, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) एका सेकंदाचा तिसावा भाग. अंधार पाहून कॅमेऱ्यानं शक्य तेवढा उजेड ओढून घेतला होता. कॅमेरा त्याच्या परीनं बरोबरच वागला होता. समोर अंधार आहे असं त्याला वाटलं आणि आकाशात पेटलेली धातूची भुकटी त्याच्या हिशोबातच नव्हती.

या प्रकरणातला कळीचा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुटलेल्या शॉटची ठिणगी सतत पळत असते. सेन्सरवरच्या एका ठिपक्यावर ती क्षणभरच असते आणि लगेच पुढच्या ठिपक्यावर जाते. त्यामुळे शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर दहा, त्या ठिपक्याला मिळणारा उजेड तेवढाच राहतो. शटरच्या वेळेनं फक्त रेघ किती लांब येणार आणि चौकटीत किती शॉट मावणार हे ठरतं. रेघ किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतं. पणती मात्र जागची हलत नाही. तिच्या भोवतीच्या पायरीवर पडलेला मंद उजेड शटर उघडं आहे तोवर साठत जातो. म्हणजे शॉटचा उजेड अ‍ॅपर्चरच्या हातात आणि पणत्यांचा उजेड वेळेच्या हातात. हे दोन लगाम वेगवेगळे धरता येतात हे एकदा कळलं की रात्रीच्या फोटोची निम्मी भीती जाते.

आदल्या वर्षीच्या फोटोंना हाच हिशोब लावला. आयएसओ १०० आणि एफ ८ च्या तुलनेत ६४०० आणि एफ ३.५ म्हणजे ठिणगीचा उजेड तीनशे पटींहून जास्त. तांबडा, हिरवा, निळा, सगळेच रंग त्यात जळून पांढरे होणार. शॉटमधला तांबडा स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमच्या आणि निळा तांब्याच्या क्षारांचा. यातला निळा मुळातच मंद असतो. बाकीच्या रंगांच्या झगमगाटात तो सहज हरवतो.

दुसरी अडचण घाटाची. घाट काळ्या दगडाचा. काळा दगड उजेड गिळतो. पणतीची ज्योत स्वतः झगझगीत असते, पण हातभर अंतरावरची पायरी जवळजवळ अंधारात. ज्योत सांभाळली की पायरी जाते आणि पायरी धरली की ज्योती फुगून एकमेकींत मिसळतात.

उभं कुठं राहायचं

पहिला निर्णय जागेचा होता, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून होतं.

मंडळाच्या पोरांचा आग्रह शिवाजी पुलाचा. तिथून घाट वरून आणि तिरका, सुंदर दिसतो. दोघे आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी जाऊन पाहून आले. पुलावरून गाडी गेली की कठडा थरथरतो हे पायाला जाणवत नाही, पण पंधरा सेकंदांच्या फोटोत दूरचा दिवा ठिपका न राहता नागमोडी अळी होतो. शिवाय उत्सवाच्या पहाटे पुलावर माणसांची दाटी, त्यात ट्रायपॉड उघडून उभं राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत उभं राहणं.

घाटावरच, पायऱ्यांच्या तळाशी उभं राहायचा पर्याय होता. तिथून पणत्या आणि माणसं फार चांगली मिळतात, पण पूर्ण घाट मिळत नाही आणि डोक्यावरचा शॉट वाइड लेन्समध्येही मावत नाही.

अध्यक्षांनी मधेच पौर्णिमेचा चंद्रही चौकटीत मागितला. मागणी भक्तिभावाची होती, पण त्या पहाटे चंद्र पश्चिमेला कललेला असतो. तो हवा तर घाटाकडे पाठ करून नदीकडे बघावं लागतं. त्यातून पूर्ण चंद्राला आयएसओ १०० आणि एफ ११ वर सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. पणत्यांसाठी सोळा सेकंद द्यायचे झाले तर चंद्राला दोन हजार पट जास्त उजेड मिळाला असता. स्टुडिओमालकांनी हे आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘अध्यक्ष, चंद्र घेतला तर घाट सोडावा लागतोय. काय करूया सांगा.’’ घाट राहिला.

शेवटी नदीपलीकडचा काठ ठरला. समोर घाट, मधे पाणी, पाठीमागे उसाचं रान. पावसाळा संपल्यावर खालच्या बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं आणि संथ होतं. प्रतिबिंबाला असं पाणी लागतं. तोटा एकच : जमीन ओली आणि मऊ. ट्रायपॉडच्या पायांखाली त्यांनी फरशीचे तुकडे ठेवले. मधला दांडा वर न काढता खालीच ठेवला आणि त्याला कॅमेऱ्याची बॅग लटकवली.

उजेडाचे पर्याय

पणत्या पेटल्यावर, दारूकाम सुरू व्हायच्या आधी, त्यांनी फक्त घाटावर चाचणी घेतली. आयएसओ १००, एफ ८. चार सेकंदांत ज्योती छान, पायऱ्या काळ्या. आठ सेकंदांत पायऱ्यांच्या कडा दिसू लागल्या. पंधरा सेकंदांत ज्योतींचा सलग पट्टा झाला. म्हणजे आठ सेकंद ठीक. पण शॉटच्या रंगांसाठी स्टुडिओमालकांना एफ ११ हवं होतं, आणि एफ ११ ला तेवढ्याच पायऱ्या दिसायला सोळा सेकंद लागतात. सोळा सेकंदांत आकाशात सात-आठ शॉट एकावर एक पडतील, धूर उजळेल आणि वरचा भाग पुन्हा पांढराच होईल.

तीन वाटा होत्या.

पहिली : एक फ्रेम घाटासाठी, एक आकाशासाठी आणि दोन्ही कॉम्प्युटरवर जोडायच्या. भाच्याचा कल इकडे. ‘‘मामा, ट्रायपॉड हलवायचाच नाही. मग कुणाला कळतंय?’’ तंत्र म्हणून ही वाट पक्की आहे, आणि कॅलेंडरसाठी कुणी हरकत घेतली नसती. पण फोटो वर्तमानपत्राकडेही जाणार होता. दोन वेगळ्या क्षणांची जोडणी बातमीचा फोटो म्हणून देणं मामांना पटलं नाही. मलाही पटत नाही.

दुसरी : एफ ८, आठ सेकंद आणि जे येईल ते. सुरक्षित वाट.

तिसरी : काळा पुठ्ठा. शटर बल्बवर, म्हणजे आपण बंद करू तोवर, उघडं ठेवायचं, वर दोन शॉट फुटून झाले की लेन्सच्या वरच्या अर्ध्या भागासमोर काळा पुठ्ठा आणायचा. आकाश झाकलं जातं, खालचा घाट उरलेला वेळ उजेड घेत राहतो. पुठ्ठा लेन्सच्या अगदी जवळ धरायचा आणि हलकेच वरखाली हलवत राहायचा, म्हणजे त्याची कड फोटोत उमटत नाही. रोलच्या काळात स्टुडिओमालक दिवाळीला हे करायचे. फोटो फ्रेम करण्याच्या कामातला काळा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठा, त्यांच्याकडे होताच. तिसरी वाट मुख्य ठरली, दुसरी राखीव.

बाकीचे निर्णय पटापट झाले. फायली रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, कारण उजेड आणि रंग नंतर सावरायला त्यात जागा राहते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर न ठेवता एकाच आकड्यावर बांधून ठेवला, कारण पणतीचा उजेड फार पिवळट आणि शॉट दर क्षणाला रंग बदलणारे. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा घाट वेगळ्याच रंगाचा आला असता. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद, कारण स्थिर ट्रायपॉडवर ते स्वतःच कंप शोधत बसतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब वेळेच्या फोटोतली खरखर कमी करणारी सोय, तीही बंद. ते चालू असलं की सोळा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी सोळा सेकंद शटर मिटून दुसरी काळी फ्रेम घेतो, आणि तेवढ्यात आकाशातलं निम्मं निघून जातं.

फोकसवर मात्र थोडा वाद झाला. भाचा म्हणाला रिंग पार शेवटपर्यंत फिरवली की अनंतावर फोकस होतो. जुन्या मॅन्युअल लेन्सना ते चालायचं. आजच्या ऑटोफोकस लेन्स बहुतेक अनंताच्या पुढेही थोड्या फिरतात आणि दूरचं सगळं मऊ पडतं. मामांनी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं थेट चित्र, मोठा करून देवळाच्या कळसाजवळच्या दिव्यावर फोकस धरला, कॅमेरा मॅन्युअलवर टाकला आणि रिंगवर चिकटपट्टी लावली. २४ मिलीमीटरच्या लेन्सला एफ ११ वर काही मीटरपलीकडचं सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे पुढचे शॉट आणि मागचे शॉट असा प्रश्नच नव्हता.

प्रत्यक्ष पहाट

एक गोष्ट आधीच ठरली होती : पहिल्या शॉटपासून खरा फोटो घ्यायचा, चाचणीत एकही घालवायचा नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. थंडीच्या पहाटे नदीवर गार हवेचा थर बसलेला असतो आणि वर त्यापेक्षा उबदार हवा असते. धूर वर जात नाही, पसरून पाण्यावर उतरतो. वाराही जवळजवळ नव्हता. त्यामुळे आकाश स्वच्छ मिळणार ते सुरुवातीच्या मिनिटभरातच.

शटरचं बटण भाच्याकडे, रिमोटवर. पुठ्ठा मामांच्या हातात. पहिल्या शॉटला भाचा आवाजाच्या भरवशावर राहिला आणि हुकला. दोनशे मीटरवरून आवाज यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मामांनी सांगितलं, ‘‘कान सोड, शेपटी बघ.’’ वर चढणाऱ्या बाणाची ठिणगीची रेघ दिसली की शटर उघडायचं. मग फुटण्याआधीचा देठही फोटोत येतो आणि फूल हवेत लटकल्यासारखं वाटत नाही.

नंतरच्या काही फ्रेम चांगल्या बसल्या. दोन शॉट, पुठ्ठा वर, सोळा सेकंद पूर्ण, शटर बंद. दोघांची लय जमली.

मग भाच्याला स्क्रीनवर पणत्यांभोवती मऊ वलयं दिसू लागली. त्याला वाटलं धूर. मामांनी लेन्सवर बॅटरी मारली तर काचेवर दव. काठावरच्या दमट हवेत काच गार पडली की हे होणारच. कोरड्या सुती कापडानं पुसलं, पण तोवर मधल्या काही फ्रेम गेल्या होत्या. त्यापुढे दोन फोटोंच्या मधे लेन्सवर टोपण टाकायचं ठरलं.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण आला. दारूकाम रंगात आलं होतं. एकदम चार-पाच शॉट, खाली भुईनळे, लोकांचा जल्लोष. भाच्याला हे सगळं हवं होतं. पण धुरानं घाटाचा डावा भाग झाकायला सुरुवात केली होती आणि धूर प्रत्येक शॉटनं उजळत होता. मामांनी पुठ्ठा खाली ठेवला, अ‍ॅपर्चर तसंच ठेवून वेळ चार सेकंदांवर आणली आणि पणत्यांचा नाद सोडून फक्त शॉट घेतले. चाललेली पद्धत ऐन गर्दीत सोडायला धैर्य लागतं.

दारूकाम संपल्यावर बहुतेक जण आवरायला लागतात. हे दोघे थांबले. साधारण सहाच्या सुमारास, सूर्य उगवायच्या अर्धा-पाऊण तास आधी, घाटामागचं आकाश गडद निळं होतं. तेव्हा पणत्यांचा पिवळा आणि आकाशाचा निळा काही मिनिटं तोलात येतात. बऱ्याच पणत्यांतलं तेल तोवर संपलं होतं, तरी उरलेल्या पुरेशा होत्या. त्या फ्रेममध्ये एकही शॉट नाही, पण सगळ्या संचातली माझी सर्वांत आवडती फ्रेम तीच.

प्रतिबिंबातला हिरवा

खरा पेच स्टुडिओत आल्यावर पडला. सगळ्यांत देखणी फ्रेम निवडली : घाट उजळ, वर एक तांबडा आणि एक सोनेरी शॉट, पाणी संथ. अध्यक्ष खूश. भाच्यानं मोठं करून बघताना बोट ठेवलं, ‘‘मामा, पाण्यात हिरवं काय हाय?’’

आकाशात हिरवा शॉट नव्हता. पाण्यात होता. पुठ्ठ्यानं वरचा अर्धा भाग झाकल्यावर फुटलेला शॉट आकाशात उमटला नाही, पण त्याचं प्रतिबिंब खालच्या उघड्या भागात व्यवस्थित उमटलं. पुठ्ठा आकाश झाकतो, नदी झाकत नाही. ही गोष्ट दोघांच्याही आधी डोक्यात आली नव्हती, आणि पुठ्ठ्याची युक्ती सांगणारे बहुतेक जण पाण्याबद्दल बोलतच नाहीत, कारण सहसा ते मैदानात उभे असतात.

आता काय करायचं? हिरवा डाग पुसणं सोपं होतं. तसाच ठेवला असता तर शंभरातल्या नव्वदांच्या लक्षात आला नसता. तिसरा पर्याय दुसरी फ्रेम घेण्याचा : त्या फ्रेममध्ये पुठ्ठ्याच्या वेळात शॉटच उडाला नव्हता, वरखाली जुळत होतं, पण त्यात शॉट एकच आणि जरा कडेला.

चर्चा लांबली. अध्यक्षांचं म्हणणं होतं की हिरवा शॉट खरोखर उडालाच होता, मग खोटं काय? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तिथे जे घडलं नाही ते पाण्यात काही नव्हतं. आकाशातून मात्र एक गोष्ट लपवली गेली होती. शेवटी निवाडा असा झाला : वर्तमानपत्राला जुळणारी, साधी फ्रेम, कॅलेंडरला देखणी फ्रेम, हिरव्यासकट, काही न पुसता. पुसलं असतं तर घडलेलं दोन्हीकडून गेलं असतं, आकाशातून आणि पाण्यातूनही. हा निवाडा मला योग्य वाटतो, पण कॅलेंडरच्या तळाशी ‘एका दीर्घ एक्स्पोजरमध्ये, आकाश काही वेळ झाकून’ अशी बारीक ओळ छापायला हवी होती. ती राहिली.

निकाल

कॅलेंडर छापलं गेलं. रंग टिकले, निळासुद्धा. पायऱ्या मोजता येतात. मोठ्या फ्लेक्सवर दगडाच्या काळ्या भागात थोडी खरखर दिसते, कारण तिथला उजेड नंतर वाढवावा लागला. वीस सेकंद दिले असते तर ती कमी झाली असती, पण ज्योती आणखी फुगल्या असत्या. माणसांचे जवळचे फोटो या दोघांकडे जवळजवळ नाहीत. पणतीच्या उजेडातले चेहरे टिपायला ५० मिलीमीटरची एफ १.८ लेन्स, आयएसओ ३२०० च्या आसपास आणि हातात कॅमेरा घेऊन घाटावर फिरणारा तिसरा माणूस लागला असता. पलीकडच्या काठावर राहण्याची ती किंमत होती, आणि ती मंडळाला आधी स्पष्ट सांगितलेली नव्हती. त्यावरून थोडी नाराजी झाली.

काय वेगळं करता आलं असतं

दारूकाम करणाऱ्यांशी आधी कुणीच बोललं नव्हतं. शॉट कुठून उडणार, कोणत्या क्रमानं, किती अंतरानं हे त्यांना ठाऊक असतं आणि विचारलं तर ते आनंदानं सांगतात. सुरुवातीचे पाच-सहा शॉट वीस-वीस सेकंदांच्या अंतरानं उडवले असते तर पुठ्ठ्याची गरजच उरली नसती, आणि हिरव्याचा पेचही पडला नसता.

पुठ्ठा वापरायचाच तर समोर पाणी असताना तो अर्धा न धरता पूर्ण लेन्स झाकावी. शॉट नसताना उघडायची, नको असलेला शॉट वर चढताना झाकायची. घाटाचा वेळ तुकड्यातुकड्यानं भरतो, एकूण मिनिटभर शटर उघडं राहतं, पण आकाश आणि पाणी एकमेकांशी जुळतात. भाच्यानं नंतर घराच्या गच्चीवर पाण्याच्या परातीसमोर पणत्या आणि फुलबाज्या मांडून हे करून पाहिलं. जमतं, फक्त झाकताना हात लेन्सला लागता कामा नये.

दवासाठी लेन्सला हूड आणि खिशात दोन कोरडी कापडं. आणि दुसरा कॅमेरा घाटावर, माणसांसाठी. मंडळानं पुढच्या खेपेला हे दोन्ही मान्य केलं आहे. दारूकामवाल्यांशी बोलायची जबाबदारी अध्यक्षांनी स्वतःकडे घेतली आहे.